लंगडी

कांदे निखाऱ्यात घालून बसले होते, तेव्हा
झिंगराजी लोहार ती पोत्यात गुंडाळून घेऊन आला.
ट्रकच्या मोडक्या कमानपाट्यातून घडवलेली.
तोंड दांड्याच्या रेषेत नाही,
डावीकडे सरकलेलं,
आणि त्या गालावर लोखंडाचा फुगवटा,
दाढ सुजली की माणूस दिसतो तसा.
"काय बनवून राहिले हो, झिंगराजी? चुकली का?"
"चुकली नाही, बाई. मुद्दाम वाकडी केली.
पैसे मागून. आधी दोन ओंडके फोडून पाहा."

भोजनालयात चौघे जेवत होते.
रश्श्यानं नाकं गळत होती, तरी तोंडं मोकळीच.
"हे तर लंगडी आहे, वहिनी!"
"पायावर मारून घ्यान."
निनाव्यांच्या दिगंबरला तर म्हणच आठवली,
दांड्याची आणि गोताची,
बोटं चाटत पूर्ण ऐकवली त्यानं.

माझा उजवा खांदा दोन वर्षं झाली
कानाच्या वर जात नाही.
लाकूड फोडणारा डोमा
लकडगंजात आरामशिनीवर लागला;
तिथे बटण दाबलं की चिरतं.
गॅसवरही रस्सा होतो म्हणतात.
होतो. लाल होतो.

मागच्या अंगणात ठोकळ्यावर
लुनाचा जुना टायर ठेवला,
टायरात बाभळीचा ओंडका उभा केला.
पहिला घाव जन्मभर मारत आले तसाच मारला:
मधोमध, मूठ आवळून, दातही.
लंगडीनं मनगटाला असा हिसका दिला
की बांगडी कोपरापर्यंत चढली.

झिंगराजी उठला नाही. विडी पेटवत म्हणाला,
"मधात नाही. काठावर मारा.
अन् लागली का सोडून द्या."
"काय सोडून द्या?"
"मूठ. ढिली करा. ती आपली फिरते."

आई म्हणायची, आवळून धर.
विहिरीचा दोर, जात्याचा खुंटा,
महालातल्या गर्दीत पोरीचं मनगट
(अजून सांगते ती, वळ उठले होते म्हणून).
हे गेले, तेव्हा घरमालक कुलूप घेऊन आला होता,
तर मी दाराची कडीच धरून बसले, दुपारभर.
लागल्यावर सोडायचं असतं,
हे शिकवायला कोणी आलं नव्हतं.

दुसरा घाव वाया गेला.
चौथ्याला जमलं.
धार बोटभर शिरली,
जड गाल आपल्या वजनानं कलला,
दांडा तळहातात वळला,
झोपेत पोर कूस बदलतं तसा,
आणि ढलपी टायरला टेकून उभी राहिली.
आवाज? सुपारी फोडावी एवढा.
खांद्याला तर कळलंच नाही.

मग काठाकाठानं गोल फिरले.
भाकरी तरी मधातून कुठे मोडतो आपण?
डिसेंबरची थंडी, पण पदर कमरेला खोचलेला,
अर्धा ओंडका फुटून टायरातच उभा,
झाकण काढलेल्या डब्यातल्या चकल्यांसारखा.

दिगंबर हात धुऊन आला. "द्या इकडे."
मूठ ढिली कर म्हटलं, त्यानं ऐकलं
ते फक्त 'मूठ' एवढंच.
त्याचं मनगट दुसऱ्या दिवशीही सुजलेलं होतं.
म्हण मात्र परत निघाली नाही.

खोटं कशाला सांगू, चिंचेला ती हरली.
चिंचेच्या गाठीत रेषा नसतातच,
नुसता गुंता, भावकीसारखा.
लंगडी तिच्यावरून दोनदा घसरली,
एकदा खरंच माझ्या अंगठ्याजवळ आली.
झिंगराजीनं डोकं खाजवलं, गाल थोडा घासतो म्हणाला.
मी कोपऱ्यातली जुनी कुऱ्हाड काढली,
पाचर काढली, आणि दोन शिव्या,
ज्या यांच्याकडून शिकले होते.

रात्री गल्ला मोजला. आठशे कमी.
पुन्हा मोजला, पुन्हा आठशे.
मग आठवलं, लोहाराला दिले होते,
मागितले नसताना.
खांदा दुखत होता,
पण खालून, पाठीजवळ,
एका नव्याच जागी.